डावीकडे मारणारी बंदूक

डार्मश्टाट, ऑक्टोबर २०१४, शनिवार संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. आमच्या शिकारी गटाचे प्रमुख क्र्युगर वर्षभर मला एकच ऐकवत होते, "तुमचा खांदा ढिला पडतो." माझी छऱ्यांची बंदूक नेमाच्या डावीकडे मारते, हे किती वेळा सांगितलं मी. तर खांदा म्हणे.

आज रेंजवर मोठा कागद लावून पाच बार काढले. सगळे वीतभर डावीकडे. मग बंदूक त्यांच्याच हातात दिली. "आता तुम्ही मारा." त्यांचेही डावीकडेच गेले.

तिथल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या बाईंनी खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता न्याहाळला. "हा डावखुऱ्या माणसासाठी वळवलेला आहे, म्हणून उजव्या खांद्यावरून बार डावीकडे जातो. गरम तेल देऊन उजवीकडे वळवून देते."

क्र्युगर एवढंच म्हणाले, "तर मग, मला बंदुकीची शंका होतीच." शंका होती? मग वर्षभर माझ्या खांद्याचं काय चाललं होतं?

पण खरा संताप स्वतःचाच येतोय. ऑफिसात कुणी काही म्हटलं तर मी आधी मोजून बघते, मगच मानते. इथे मात्र एका माणसाच्या शब्दावर वर्षभर आरशासमोर उभी राहून खांदा घट्ट धरायचा सराव केला, आणि बंदूक मोजायचं सुचलंच नाही.