मला लागू नसलेला इशारा

ती. टेकलाताईस,

धाकट्या नेस्टरचा नमस्कार. खरं तर वाकून करायला हवा, पण गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझा रक्तदाब, तुझ्या मांजरीचा डोळा आणि एडमंटनची थंडी ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे तुझी भावजय ओरिसिया मजेत आहे. मीही मजेत आहे असं लिहिणार होतो, पण तू तीस वर्षं नर्स होतीस, तुझ्यापुढे माझ्या थापा कधी पचल्या नाहीत. ताई, मी घाबरलोय. गुडघ्यांना नाही, डोक्याला. बुधवारी माझं डोकं पाच मिनिटं जागेवर नव्हतं, आणि ते पूर्ण परत आलंय की नाही याची मला खात्री नाही. (हसू नकोस. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून तू मला जन्मभर चिडवलंस, पण या खेपेचा राक्षस सरकारने छापून दिलेला आहे.)

सुरुवात गुडघ्यांपासूनच झाली. कर्लिंग क्लबात ज्यावर खेळाचे दगड घसरवतात तो बर्फ गेली सव्वीस वर्षं मीच राखतो, हे तुला ठाऊक आहे. यंत्रावर बसून तासायचा, मग पाठीला पाण्याची टाकी बांधून उलट पावली चालत थेंब शिंपडायचे. त्या उलटं चालण्यात गुडघ्यांची पार वाट लागली. झोप म्हणून येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हवं तर गांज्याच्या जेलीगोळ्या घेऊन बघा, अर्धी अर्धी, दुकानात मिळतात. मला वाटलं बाई चेष्टा करताहेत. आपल्या लहानपणी गांजा म्हटलं की पोलीस यायचे. आता रीतसर दुकान आहे, बँक आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान यांच्या मधोमध, आणि दाराला घंटीसुद्धा आहे. घंटी कशाला हवी होती? माझ्यासारखा माणूस टोपी नाकापर्यंत ओढून आत शिरतो, आणि ती मेली गावभर दवंडी पिटते.

काउंटरवर कायला नावाची पोरगी होती. (तिच्या आज्याला कर्लिंगचा दगड कसा सोडायचा ते मी शिकवलं होतं. त्याला ते अजून आलेलं नाही.) तिने तीन पाकिटं मांडली. कंपनी एकच, स्वाद संत्र्याचा, वजन तेच. फरक फक्त पिवळ्या चौकटीतल्या इशाऱ्याचा. तू मला ओळखतेस. डब्यावरचं, बाटलीवरचं, खताच्या पोत्यावरचं वाचल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. पहिल्यावर लिहिलं होतं, हे खाऊन गाडी किंवा यंत्र चालवू नये. झालं! यंत्र तर माझं रोजचं. बाजूला ठेवलं. दुसऱ्यावर होतं, नेहमी खाल्ल्यास वेड लागण्याचा धोका वाढतो. ते मी दोन बोटांनी, मेलेली पाल ढकलावी तसं लांब ढकललं. डोक्याच्या दुखण्याची आपल्या घरात कुणी थट्टा करत नाही. आई आपल्याला ओळखेनाशी झाली ती शेवटची वर्षं तूच निभावलीस, तुला वेगळं काय सांगू? तिसऱ्यावर होतं, गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर खाऊ नये. ताई, माझा जीव भांड्यात पडला! बहात्तराव्या वर्षी ज्या दोन गोष्टींची मला अजिबात धास्ती नाही, त्या नेमक्या ह्याच. म्हटलं, हे सौम्य दिसतंय, हेच दे.

कायला म्हणाली, आजोबा, तिन्हींत माल एकच आहे हो, इशारे नुसते आळीपाळीने छापतात. मी गालातल्या गालात हसलो. इतका दूधखुळा नाही मी. एकाच मालावर तीन तऱ्हेचे इशारे छापायला सरकारला काय वेड लागलंय? (लागलं असल्यास त्यांनी दुसरं पाकीट खाल्लं असणार.)

आणि काय सांगू, ते गरोदरवालं पाकीट मला असं मानवलं की सहा आठवडे मी ओंडक्यासारखा झोपलो. ओरिसियाला पत्ता लागू दिला नाही. तिच्या लेखी गांजा खाणारा माणूस आज ना उद्या शेत विकणार. पण सुखाला दृष्ट लागते. साठवलेलं शेवटचं पाकीट संपलं, दुकानात गेलो, तर गरोदरवालं नाही, गाडीवालं नाही, सगळा फळीभर वेडवालाच माल. नवा माल शुक्रवारी. आणि बुधवारी चर्चच्या हॉलात बटाटा भरलेले पिरोही करायचे, म्हणजे चार तास उभ्याने बटाटे कुस्करायचे. गुडघे म्हणाले घे, डोकं म्हणालं नको, आणि आपल्या घराण्यात डोक्याचं कधी कुणी ऐकलंय? घेतलं. घरी न्यायची छाती झाली नाही, ट्रकमध्येच ठेवलं. तीन दिवस त्याच्याकडे नुसतं बघत होतो.

बुधवारी सकाळी ओरिसिया कणकेची परात घेऊन हॉलात गेली, आणि मी ट्रकमध्ये पाकिटाशी झोंबायला बसलो. ते असं बनवतात की लहान मुलांना उघडता येऊ नये. लहान मुलं ते दोन मिनिटांत उघडतात. उघडत नाही ते आपल्याला. एकदाची अर्धी गोळी तोंडात टाकली. संत्र्याची ती आंबट चव अजून जिभेवर आहे. आणि मग पाकिटावरची दुसरी ओळ आठवली, परिणाम जाणवायला चार तास लागू शकतात. म्हणजे चार तास वेडाची वाट बघत बटाटे कुस्करायचे! पाचावर धारण बसली. जे दिसेल ते लक्षण वाटायला लागलं. शेजारी बटाटे सोलणाऱ्या पावलिनाने पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट दोनदा सांगितली, मला दरदरून घाम फुटला. (मग आठवलं, ती चारदा सांगते.) फादर आत डोकावून माझ्याकडे बघून नुसते हसले. का हसले? कधी हसत नाहीत.

आता जे लिहितो ते नीट वाच. साडेदहाच्या सुमाराला हातातल्या लाकडी कुस्करणीकडे बघितलं आणि हे काय आहे, कशाला असतं, काही म्हणता काही उमजेना. मान वर केली. समोरच्या टेबलापाशी एक बाई कणीक लाटत होती. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर केसांची बट. बरी दिसली. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. नाव काही आठवेना. ताई, ती ओरिसिया होती. अठ्ठेचाळीस वर्षं झाली आमच्या लग्नाला. मी उभ्या जागी थिजलो. हाक मारायची, तर कोणत्या नावाने मारायची?

मग नाव आलं, जसं गेलं तसंच, अचानक. आणि मी वीस बायकांच्या देखत ओरडलो, मी सरकारी गांजा खाल्लाय! वेडवाला! मला वाटलं, आता लाटणी येणार. तर पावलिना पुढे आली आणि म्हणाली, “अरे मेल्या, वेडवाला कशाला घेतलास? मी गाडीवाला घेते. माझं लायसन गेल्याच वर्षी काढून घेतलं, मला काय होतंय!” मागून कुणीतरी म्हणालं, “गरोदरवाला संपवणारा तूच होय रे नेस्टर? मी तीन आठवडे हेलपाटे घालतेय!” काय सांगू ताई, निम्मा हॉल गिऱ्हाईक निघाला. प्रत्येकीने आपल्याला लागू नसलेला इशारा निवडलेला, आणि कायलावर एकीचाही विश्वास नाही. पण वेडवाला घेतलेला मी एकटाच. सगळ्या माझ्यापासून दोन-दोन पावलं मागे सरकल्या.

ओरिसियाने एप्रन काढला, माझ्या खिशातून किल्ली घेतली आणि ट्रक तिने चालवला. वाटेत एवढंच म्हणाली, “गुडघे एवढे दुखत होते, तर मला का नाही सांगितलंस?” मला वाटलं होतं शेताचा विषय निघेल. निघाला नाही, त्याने मी जास्त घाबरलो. तिचं नाव विसरल्याचं मी कबूल केलं, मग संध्याकाळपर्यंत ती दर अर्ध्या तासाने माझ्यासमोर येऊन उभी राहायची. म्हणायची, माझं नाव सांग. मी सांगायचो. मग चहा मिळायचा. (दहा कप झाले. गुडघ्यांचं राहिलं बाजूला, आता पोट बिघडलंय.)

दुसऱ्या दिवशी क्लबाचा सेक्रेटरी वॉल्टर दारात, टोपी हातात. यंत्राची किल्ली मागायला. थोडेच दिवस रे, म्हणाला, कमिटीचं म्हणणं आहे. सव्वीस वर्षं ती किल्ली माझ्या पट्ट्याला आहे. काढून दिली. आता बर्फ त्याचा भाचा तासतो, आणि तो कसा तासतो ते मी लिहीत नाही, तुझा रक्तदाब वाढेल.

मांजरीला माझी आठवण सांग. औषधं वेळेवर घे.

तुझा धाकटा,
नेस्टर

ता. क. एवढं लांबण लावलं ते एका कामासाठी. वॉल्टरला तू एक पत्र लिही, नर्स म्हणून, तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात: वेडवाल्या अर्ध्या गोळीने असं होऊ शकतं, बारा तासांत उतरतं, माणसाला पुन्हा यंत्रावर बसायला हरकत नाही. तुझं अक्षर बघून तो वाद घालणार नाही.

ता. क. दोन. रविवार. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज ट्रक झाडायला काढला, तर सीटखाली ते पाकीट मिळालं. सील शाबूत आहे. चारही बाजूंनी बघितलं, खिडकीशी उजेडात धरून बघितलं. ते कुणी उघडलेलंच नाही. वेडवालं मी हे एवढं एकच घेतलं होतं. ताई, मग ती संत्र्याची चव मला कशी आठवते? वॉल्टरला पत्र लिहू नकोस.

ता. क. तीन. ओरिसियाला हे सांगितलेलं नाही. मी पाकीट कात्रीने फाडलं, गोळ्या संडासात सोडल्या आणि रिकामं पाकीट तिच्या हाती लागेल असं ठेवलं. तिने चष्मा लावून पिवळी चौकट वाचली. म्हणाली, बघ, लिहिलेलंच होतं की वर. आणि चार दिवसांत पहिल्यांदा हसली. त्या इशाऱ्याला मी एवढा भ्यायलो होतो, आता वाटतं तो खरा असता तर किती बरं झालं असतं. तू ये. पिरोही खायला आले म्हणून सांग. दोन दिवस माझ्यावर नजर ठेव आणि आईचं नेमकं कसं सुरू झालं होतं ते मला एकट्याला सांग. बसने आलीस तर स्टँडवर घ्यायला ओरिसिया येईल. मी गाडी चालवणं बंद केलंय.