दोन चमचे दही

मंगळवार, नशिराबाद. संध्याकाळचे सात वाजून दहा.

सुशी दह्याची वाटी तशीच ठेवून उठली. दोनच चमचे खाल्ले, मी मोजले.

आज जळगावला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दर जुलाबाला अँटिबायोटिक? दोन वर्षं? कुणी दिलं?" सुशी म्हणाली, "मीच घ्यायची, मेडिकलमधून आणून." खोटं. मी दिलं. गोळीचं नाव, ताकद, वेळ, सगळं माझ्या वहीत आहे. मोटार रिवाइंडिंगचा माझा धंदा पुस्तकं वाचून शिकलो, तशी औषधंही शिकलो म्हणून मिरवलो. गल्ली मला डॉक्टरभाऊ म्हणते आणि मला ते आवडायचं.

बाई म्हणाल्या, पोटात अन्न पचवणारे चांगले जंतूही असतात, वाईटांबरोबर तेही मेले. मी लगेच म्हणालो, घरचं दही आहे ना, हिच्या धुळ्याच्या माहेरचं विरजण, तेवीस वर्षं मोडू दिलेलं नाही.

"दह्यातले जंतू पाहुणे असतात, भाऊ. येतात, जातात. पोटातले गेलेले सगळे परत येतील का, सांगता येत नाही."

हे मी वाचलं नव्हतं? की वाचून सोडून दिलं?

घरी येऊन वही उघडली तर सुशी माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "ठेवा ती. मन्हं पोट शे हाई, तुम्हनी मोटार नही."

बाईंना खरं सांगायला हवं होतं. पुढच्या खेपेलाही सांगणार नाही, मी मला ओळखतो.

वाटी अजून तिथेच आहे. आत्ता दूध कोमट करून विरजण लावलं. सकाळी दही घट्ट लागलेलं असेल. खाईल कोण?