एका डोळ्याचे मासे

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इथे ‘आम्ही सगळे खुशाल’ असं लिहायचं असतं, ती ओळ तेवढी गाळते. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकताच मला रडू फुटलं असतं आणि तू भर रस्त्यात असतीस तर तुझी पंचाईत झाली असती.

थंडी बरीच आहे. दाराची कडी एकदाची दुरुस्त झाली. म्हणजे नवरोबाने ती आणखी बिघडवली आणि मग सुताराने नीट केली. सध्या स्वयंपाक तोच करतो. मीठ विसरतो, मीही काही बोलत नाही.

मी दिवसभर भिंगाखाली काय बघते, असं तू मागे विचारलं होतंस. ‘माशांची अंडी’ म्हणून मी तुझी बोळवण केली होती. आज नीट सांगते.

आमच्या प्रयोगशाळेतले मासे बोटाच्या पेराएवढे, अंडी काचेसारखी आरपार. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि तोवर सगळ्या सारख्याच. मग काही पेशींतली जनुकं जागी होतात आणि शेजारणींना निरोप धाडतात. जवळच्यांना तो जास्त पोचतो, लांबच्यांना कमी. त्यावरून कुणी पाठ व्हायचं, कुणी पोट, हे ठरतं. डोळ्यांचंही तसंच. आधी एकच पट्टा असतो. मधोमध निरोप आला की त्याचे दोन डोळे होतात. आमच्याकडे एक औषध आहे. ते वेळेवर पाण्यात टाकलं की निरोप थांबतो. मग पिल्लाला एकच डोळा येतो, कपाळाच्या मधोमध, आणि मेंदूचेही दोन भाग होत नाहीत.

पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी सगळ्यांना चहा पाजला होता. पाहुणे आले की हौसेने दाखवायचे. एक डोळा मिटून नेम धरल्यासारखी दिसायची, म्हणून त्या पिल्लांना मी ‘तिरंदाज’ म्हणायचे. सगळे हसायचे.

मंगळवारी माझी सोनोग्राफी झाली.

डॉक्टरीणबाई बराच वेळ एकाच जागी थांबल्या. मेंदूचे दोन भाग दिसायला हवे होते तिथे एकच पोकळी होती. त्यांनी यंत्र चेहऱ्याकडे नेलं आणि मी मान वळवली. त्या म्हणाल्या, “मी समजावून सांगते.”

“नको,” मी म्हटलं, “मला माहीत आहे.”

नवऱ्याला माहीत नव्हतं. घरी येईपर्यंत त्याला कुठून सांगायला सुरुवात करावी ते मला सुचेना.

दुसऱ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. जन्मलं तरी बाळ फार जगणार नाही. नवऱ्याला तिसऱ्यांकडे जायचंय, मी नको म्हटलं. येत्या शुक्रवारी सगळं थांबवायचं ठरलंय. ठरवलं मीच, तो फक्त हो म्हणाला. तो चिडलेला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. दिवस गेल्याचं कळवलं तेव्हा तू म्हणाली होतीस, त्या औषधांपासून जरा लांब राहा. मी तुला हसले. “ताई, मी मासे बघते, पोती उचलत नाही,” असं म्हणाले. आणि पुढेही तेच औषध, त्याच टेबलावर, पाण्यात घालत राहिले, कारण प्रयोग अर्ध्यावर होता. हातमोजे होते, काळजी सगळी घेतली होती. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्याचा काही संबंध नाही, असं एखाद्याचं होतं आणि कारण सापडत नाही. आमचे सरही तेच म्हणतात. दुसऱ्या कुणाला मीही हेच सांगितलं असतं. पण तुझं ऐकलं असतं तर हा प्रश्न तरी मला पडला नसता. फार पश्चात्ताप होतो गं.

नवऱ्याला यातलं काही सांगितलेलं नाही. आणखीही एक सांगितलेलं नाही. काल दुपारी तो समोर भाजी चिरत होता, आणि बाळ पहिल्यांदा हललं. मी पाणी प्यायला उठल्यासारखं केलं.

शुक्रवारच्या आत ये. इथे सगळे मला समजावतायत. तू आलीस की आधी मला रागाव, आणि मग जवळ घे.

तुझी,
तुझं न ऐकलेली
धाकटी