मधली जाळी

३ तारीख, सोमवार
पोहोचलो एकदाचा. गाडीत पिशवी तीनदा तपासली. चष्मा, गोळ्या, हिचा फोटो, सगळं जागेवर. उतरल्यावर पुन्हा एकदा पाहिलं.

वही डॉक्टरीणबाईंनी दिली. हे दत्तकघर त्यांचं. पुढच्या पानांवर जनावरांच्या नोंदी करायच्या. मागची पानं माझी. शिक्षण सातवीपर्यंत, त्यातही सातवी दोनदा, तेव्हा चुकलंमाकलं चालवून घ्यावं.

इथे फक्त डेगू असतात. उंदराहून मोठे, खारीहून बुटके, शेपटीच्या टोकाला झुबका. लोक हौसेने नेतात, कंटाळले की इथे आणून सोडतात. बाई म्हणाल्या, आजोबा, लाडाने गोड देऊ नका, डोळे जातात त्यांचे. आणि शेपटीला धरू नका, कातडी सोलून हातात येते. दत्तक देताना जोडीनेच द्यायचे, एकटा राहिला की झुरतो. मी म्हटलं, ते मला वेगळं सांगायला नको.

मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, या वयात लोक बागेत बसतात, तुम्ही उंदरांची चाकरी धरलीत! सून मागून म्हणाली, असू द्या हो, त्यांचं मन रमेल. रमेलसं वाटतं. खोली छान आहे. मोठ्या खोलीत मध्ये प्लायवूड ठोकून केलेली अर्धी. वारा यावा म्हणून प्लायवूडला वर जाळी. पलीकडची अर्धी रिकामी, कुलूपबंद.

५ तारीख, बुधवार
काम अंगवळणी पडतंय. सकाळी सुकं गवत आणि पाणी, दुपारी वाळूचं ताट. ही मंडळी पाण्याने अंघोळ करत नाहीत, वाळूत लोळतात. दात नारिंगी असले की तब्येत उत्तम, फिके पडले की आजार. एकीने माझे दात पाहिले आणि तोंड फिरवलं.

आज एक नर दवाखान्यातून परत आला. हनुवटीला गळू होतं, चाळीस दिवस तिकडे होता. त्याची जोडीदारीण इथेच. मला वाटलं, आता कशी गळ्यात पडते बघा. बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, ओळखणार नाही ती. यांची ओळख वासाची, वास बदलला की नवराही परका. सरळ सोडलात तर फाडून टाकेल. म्हणून पिंजऱ्यात मधोमध जाळी घातली. रोज याची वाळू, याचं गवत तिकडे, तिचं इकडे. दोघं जाळीपाशी गुणगुणायला लागली की जाळी काढायची. दात कटकटले तर हात लावायचा नाही, मग महिना लागो की दोन.

त्याचं नाव मी जावईबापू ठेवलं. ती राणीसरकार.

हीसुद्धा चाळीस दिवसच होती दवाखान्यात. शेवटचे आठ दिवस मी गेलो नाही. त्या नळ्या बघवत नव्हत्या. सुनेला धाडत राहिलो. ही रोज विचारायची म्हणे, आले नाहीत का अजून? एवढं लिहायला मला तीन वर्षं लागली.

९ तारीख, रविवार
दुपारी वाळू बदलून खोलीत आलो तर अंथरुणावर माझी चादर नाही. तिच्या जागी हिरवी, कोपऱ्यात दवाखान्याचा काळा शिक्का. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आजोबा, हिरवी चादर आमच्याकडे नाहीच.

नाकाला लावली. वर औषधाचा वास, त्याखाली हिच्या मानेचा. चाळीस वर्षं त्या वासाशेजारी झोपलो, चुकायचा नाही. फेकवेना. घडी घालून उशीखाली ठेवली.

११ तारीख, मंगळवार
स्टुलावर चढून जाळीतून पलीकडे पाहिलं. जमिनीवर माझी चादर. मध्ये खळगा, कुणी अंग मुडपून बसावं तसा.

बाईंना ओढत आणलं. कुलूप इतकं गंजलेलं की तेल घालावं लागलं. आत बोटभर धूळ, पावलाचा एक ठसा नाही, आणि मधोमध ती चादर. बाई म्हणाल्या, चार दिवस मुलाकडे जाऊन या. चादर त्यांनी उचलली नाही. मीही नाही.

१४ तारीख, शुक्रवार
आता रोज दुपारी अदलाबदल. टॉवेल गेला, हिचा कंगवा आला, केसांसकट. बंडी गेली, हिच्या मनगटाला बांधलेली पट्टी आली, सुईच्या डागासकट. कुणीतरी आम्हा दोघांमध्ये जाळी घातली आहे आणि काम रीतसर चाललंय. कुणी, ते कळत नाही. रीत मात्र मला पाठ आहे.

खरं सांगायचं तर वाळू बदलताना लक्ष खोलीकडेच असतं, आज काय आलं असेल म्हणून. मुलगा म्हणाला, न्यायला येतो. नको म्हटलं.

१६ तारीख, रविवार
माझ्या हातून पाप घडलं.

जावईबापू सकाळपासून जाळीला नाक लावून बसलेला. बाई बाहेर गेल्या होत्या. राणीसरकारचे दात कटकटत होते, मला ऐकू येत होते. तरी म्हटलं रुसवा असेल, बायकोचा रुसवा तो किती टिकणार. जाळी वर ओढली.

डोळ्याची पापणी लवते न लवते तोच तिने त्याच्यावर झडप घातली — मी हात घातला, माझी दोन बोटं फाडली. तो पळाला नाही. मागे बोगदा मोकळा होता. तिच्याकडे तोंड करून बसून राहिला. मग बसताही येईना त्याला.

बाई रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

१७ तारीख, सोमवार
उशीवर एक स्क्रू. माझ्या खोलीच्या जाळीचा. मी काढला नाही.

१८ तारीख, मंगळवार
दुसरा. जाळी एका बाजूने लोंबते आहे.
पलीकडून आवाज येतोय, भर दुपारी. आधी वाटलं खिडकी हलते. खिडकी नाही. दात.

१९ तारीख, बुधवार
तिसरा. बाईंनी मुलाला कळवलं, चारला पोचतो म्हणाला. माझी पिशवी त्यांनीच भरून दाराशी ठेवली. आवाज त्यांना येत नाही.
जावईबापू चाळीस दिवसांत परका झाला. मला तर तीन वर्षं — आणि ते आठ दिवस — माझा वास कुठे राहिला असेल —

बुधवारच. तीन वाजले.
जाळी खाली पडली. दार उघडं आहे, पिशवी हातात घेतली होती —
खाली ठेवली. त्या आठ दिवसांतही घराचं दार उघडंच होतं, मी हिच्याकडे निघालो नाही. आज उलटं करतो. इथेच बसतो.
गुणगुण नाही. दातच. जवळ.
अगं, मी आहे. उशीर झाला, पण आलोय. नीट बघ ना, मीच —