भिंतीवरचा हात

४ फेब्रुवारी

आत्ता बरी आठवण झाली! दुपारी गौरव दालनातून फोन — "मॅडम, यंदाच्या खेळाडूंमध्ये तुमची निवड झालीय." आपल्या विभागातल्या नावाजलेल्या खेळाडूंसाठी ही इमारत उभी राहून किती वर्षं झाली. धावणारे गेले भिंतीवर, पोहणारे गेले, कुस्तीवाले गेले. मी हँडबॉलची गोलकीपर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर माझा नंबर! काहीतरी काळंबेरं आहे. विचारलं, समितीत कोण कोण आहे? पहिलंच नाव आमच्या कॅप्टनचं. घ्या!

नवरा शिलाई मशीन सोडून उठलाच. "तुला नवा कोट शिवतो!" शिंप्याला आनंद झाला की कोट.

५ फेब्रुवारी

कॅप्टनला मी तिथे कशाला हवी? ती बाई उगीच काही करत नाही. भाजी चिरताना हाच विचार.

९ फेब्रुवारी

आज हाताचा ठसा दिला. दालनाची पद्धतच तशी आहे. फोटो नाही, पुतळा नाही. ज्याचं जे अंग खेळलं, त्याचा ठसा भिंतीवर. धावणाऱ्याचं पाऊल, गोलकीपरचा पंजा. येणाऱ्याने हात लावून बघायचं. शाळेतली पोरं तर हस्तांदोलन करतात म्हणे.

मूर्तिकार किडकिडीत, भुवयांवरसुद्धा प्लास्टर. बादलीत गुलाबी खळ, त्यात मनगटापर्यंत उजवा हात. खळ घट्ट झाली तेव्हा चार बोटं सुटली, अनामिका काही सुटेना. "ताई, हे बोट अडतंय." अडणारच. मधल्या पेरापासून पार बाहेर वळलंय ते. हळूहळू सोडवलं त्याने. मग विचारलं, "खेळताना मोडलं का?"

इतक्या वर्षांत हे विचारणारा हा पहिला माणूस. मी नुसती मान हलवली. बोलले असते तर रडले असते.

अंतिम सामना होता. बॉल सरळ त्या बोटावर आला, कटकन आवाज झाला. मी बाहेर आले, बदली कीपरने गोलावर गोल खाल्ले, आम्ही हरलो. कोच सगळ्यांसमोर म्हणाला, "सोंग आहे हिचं. घाबरली." प्लास्टर घालून आले तर म्हणे, नंतर बसच्या दारात चेपलं असेल! कॅप्टन तेव्हा माझ्या शेजारी उभी होती. एक शब्द बोलली नाही. खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसली. तेव्हापासून मी म्हणजे ऐन वेळी पळालेली. कुणाची नजर बोटावर गेली की मी हात खिशात घालते. परत ती कथा नको.

पण आता ते बोट भिंतीवर जाणार. वाकडं, आहे तसं. ज्यांना बघायचंय त्यांनी बघा!

१६ फेब्रुवारी

कोटाचं माप दिलं. रंग छान आहे, गडद निळा. उजवा खिसा नेहमीसारखा खोल ठेवतो म्हणाला. माझ्या प्रत्येक कपड्याला तो खोलच असतो. मी कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. त्या सामन्याचंही नाही. लग्नाआधीचं मढं कशाला उकरायचं!

कॅप्टनचा अजून फोन नाही. गप्प बसलेल्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

१९ फेब्रुवारी

शेजारीण म्हणाली, "तुमचं नाव कुणी लावून धरलं हो?" म्हणजे गावभर चर्चा आहे तर! नुसतं हसले. तिने हे का विचारलं असेल?

नवरा दुपारी धागा आणायला गेला नि संध्याकाळी रिकाम्या हाताने आला. गळ्यात टेप तशीच लटकलेली. धागा कुठाय? तर "अरेच्चा, राहिलाच!" वय झालं.

२७ फेब्रुवारी

माझं बोट सरळ केलंय!!

दालनात सगळं लागलंय की नाही ते बघायला बोलावलं होतं. माझ्या नावाची पाटी, वर पंजा. पाची बोटं कशी छान, ओळीत! बांगड्यांच्या दुकानात काचेमागे ठेवतात तसा हात. मला क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा बसवलाय. पण तळव्यावरच्या रेषा माझ्याच.

मूर्तिकाराला धरलं. तो चपलांकडे बघत राहिला. "ताई, ठसा साफ करताना केलं… मला तसं सांगितलं होतं."

"कुणी?"

"जाऊ द्या ना. मी शब्द दिलाय."

त्याच वेळी दालनाच्या दुसऱ्या टोकाला कॅप्टन. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि तरातरा निघून गेली. चोराच्या मनात चांदणं! आता कळलं मला का निवडलं ते. कोचचा शब्द कायमचा खरा करायचा होता. हे बघा, हिचा हात धडधाकट. मोडलं कुठे काय?

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सरळ तर सरळ. चांगलंच दिसत असेल की." मी ताट आपटलं आणि उठले. याला काय कळणार!

१ मार्च

दालनात फोन करून कळवलं, मी येणार नाही. माझी पाटी काढा. कारकून म्हणाला, "मॅडम, निमंत्रणं गेलीत हो!" गेली तर जाऊ देत.

कॅप्टनचा फोन. कापला. परत आला. परत कापला.

३ मार्च

कॅप्टन दुकानात आली! मी पडद्यामागे, घरात. बाहेर जायचं नाही असं ठरवलं, पण कान तिकडेच.

नवऱ्याला म्हणाली, "भाऊ, ती फोन घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तिचं बोट मोडलं तेव्हा मी शेजारी होते. आवाज ऐकलाय मी. पण तोंड उघडलं नाही, कोच टीममधून काढेल म्हणून घाबरले. पळाली ती नाही, पळाले मी. समितीत तिचं नाव मी लावून धरलं ते त्या बोटासाठीच. उद्घाटनाला सगळ्यांसमोर बोट दाखवून सांगणार होते. आणि त्या शहाण्याने सरळ करून ठेवलं! काल जाऊन भांडले त्याच्याशी. कुणी सांगितलं ते बोलत नाही."

मशीन थांबलं होतं.

मी पडदा सारला. तिने माझा हात धरला, नेमकं ते बोट धरलं, आणि दोघी रडलो. इतकी वर्षं हिच्या नावाने बोटं मोडत आले मी. राग अजून आहे, खोटं का बोला. पण छातीवरचं ओझं उतरलं.

चहा पिताना म्हटलं, "मग सांगितलं कुणी असेल?" शेजारीण? कोचच्या घरचं कुणी? आम्ही दोघी एकेक नाव घेत होतो. नवरा सुईत दोरा ओवत होता. त्याच्या हातून काही जाईना.

४ मार्च

कोट झाला. घालून बघितला, सवयीने हात उजवीकडे गेला. खिसाच नाही! विचारलं तर मान वर न करता म्हणाला, "लग्नापासून बघतोय, तू ते लपवतेस. मला वाटलं, लाज वाटते तुला. म्हणून मीच गेलो होतो त्या मूर्तिकाराकडे, सरळ कर म्हणालो. आज सकाळी परत जाऊन आलो. वाकडं करतोय तो." हात कुठे ठेवायचा तेच मला कळेना. शेवटी त्याच्या खांद्यावर ठेवला.