साठ माणसांचा गेटा

कॉव्हिंग्टन,
१९ नोव्हेंबर

ती. रोझिनाअक्का हिस,

धाकट्या नॉर्बर्टचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढा). फ्लोरिडाच्या उन्हाने तुझी कंबर सुधारली असेल, लेक-जावई मजेत असतील. मी ठणठणीत आहे, फक्त उजवा खांदा वर जात नाही. त्याचं कारण खाली येईलच.

तू लेकीकडे गेल्यावर चर्चच्या नोव्हेंबरातल्या न्याहारीला गेटा यंदा विकतचा आणायचं ठरत होतं. आईपासून चालत आलेला आपल्या घरचा मांस-ओटाचा गेटा, आणि त्या जागी दुकानातला? मला राहवलं नाही. फादर एगबर्टना सांगून टाकलं, मी करतो, साठ माणसांचा. (जन्मात अंड्यापलीकडे काही शिजवलं नव्हतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.)

शनिवारी पहाटे डुकराचं आणि गाईचं मांस, कांदा, तमालपत्र घालून शिजत ठेवलं. इथवर सगळं आईच्या पुण्याईने झालं. मग तुझी कृतीची चिठ्ठी काढली. तीत लिहिलंय, 'जाडे ओट, बघून.' अक्का, मी बघितले आणि पिशवी ओतली. तासाभरात पातेलं भरून वाहू लागलं. निम्मं दुसऱ्या पातेल्यात काढलं, तर तेही भरलं. मग लोणच्याची कढई, मग कपडे भिजवायचं घमेलं (घासून घेतलं होतं, शंका नको). लाकडी डाव मोडला, तेव्हा नावेचं वल्हं उकळत्या पाण्याने धुऊन त्याने ढवळायला लागलो. चार भांडी, एक वल्हं आणि एक मी. एकाला ढवळावं तर दुसरं खाली लागे.

करपल्याचा वास कुंपणापलीकडे गेला आणि बर्नडीन लुकन मागच्या दाराने आत आली. हो, तीच. तुझ्या गेट्याला 'बोळक्या तोंडाचं जेवण' म्हणाली म्हणून नऊ वर्षं तू जिच्याशी बोलली नाहीस, ती. अंगात एप्रन घालूनच आली होती. घमेल्याकडे बघून म्हणाली, "नॉर्बर्ट, साठ माणसं जेवायची आहेत की साठ घोडे?"

मी म्हटलं, "तुला बोलावलं कोणी?"

"तुझ्या धुराने. सरक, खालचं खरवडू नकोस, वरचं काढून घे."

पाच तास आम्ही आळीपाळीने ढवळलं. ती बसेना, मग मीही बसलो नाही (खांदा तिथेच गेला). तिचा नवरा गेल्यापासून ती एकटीसाठी गेटा करत नाही म्हणे, एवढीशी वडी पडतच नाही. साचे संपले तेव्हा बुटांच्या खोक्यांत मेणकागद घालून थापलं आणि सगळं थंडीत मागच्या ओसरीवर ठेवलं.

रविवारी काप करून तव्यावर परतले. कडा कुरकुरीत, आतून मऊ. फादरनी चार खाल्ले. "कोणी केला हा?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बर्नडीन भरल्या पंक्तीत म्हणाली, "रोझिनाच्या घरचा आहे. दुसऱ्या कुणाला जमतो असा?" आणि तवा उचलून आत निघून गेली. अक्का, मीही ताट ठेवून तिच्यामागे आत गेलो.

बाकी इकडे नवीन काही नाही.

तुझा,
नॉर्बर्ट

ता. क. नवीन काही नाही म्हणालो ते सपशेल खोटं. जानेवारीत मी आणि बर्नडीन लग्न करतोय. वय हसण्याजोगं आहे, तेव्हा हसून घे.

ता. क. २ खरं तर पत्र एवढ्याचसाठी. तू तिला दोन ओळी लिही. माफीबिफी नको, हवापाण्याचं लिहिलंस तरी चालेल. ती आधी लिहिणार नाही म्हणते. तू पण हेच म्हणशील, मला तुम्ही दोघी ठाऊक आहात.

ता. क. ३ आता खिडकीतून बघतोय, ती पुढच्या खोलीतली गादी उन्हात घालून झोडपते आहे. कोणासाठी, विचारलं तर म्हणाली, "रोझिनाला दबलेली गादी चालत नाही, एवढंही तुला माहीत नाही?" हे तुला कळवायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे.