क्लच नसलेली गाडी

दादा,

खाली लाल स्पोर्ट्स कार उभी आहे, ती ऑटोमॅटिक. माझ्या मैत्रिणीच्या, हेतलच्या काकांनी संध्याकाळपर्यंत चालवून बघायला दिलीय. पालघरहून मीच आणली. माझा हात सारखा गिअरकडे जात होता. मग एका वळणावर गाडीने आपणहून गिअर बदलला आणि मी एकटीच हसले. तुला कसं वाटेल, याचीच उत्सुकता आहे.

"क्लच नाही तर ती कसली स्पोर्ट्स कार!" म्हणतोस ना? मुरबे गावापर्यंत नेऊन तर बघ. किल्ली फ्रिजवर आहे.

काल तू घ्यायची म्हणतोस ती मॅन्युअल गाडी चालवताना क्लच दाबला की तू ओठ चावत होतास. आईला मी काही बोलले नाही. गाडी तुला आवडेल तीच घे, पण ऑपरेशननंतर गुडघा अजून किती दुखतो, ते मला तरी खरं सांग.

मी शिफ्टला निघाले.

प्रतीक्षा